ग्रीक शिकायचीय, पण कुठली? होमर, ॲटिक, कोइने आणि आजची ग्रीक

संस्कृत बऱ्यापैकी येतं, भाषाकुलांच्या नात्यागोत्यांचं वेड आहे, असा मराठी माणूस कधी ना कधी ग्रीककडे वळतोच. मग पुस्तकं चाळायला घेतली की पहिल्याच दिवशी गोंधळ उडतो. एक पुस्तक ‘होमरची ग्रीक’ शिकवतं, दुसरं ‘ॲटिक’ (जुन्या अथेन्सची), तिसरं ‘नव्या कराराची ग्रीक’ (बायबलची, म्हणजे कोइने), आणि मोबाइलवरचं ॲप ‘कॉफी कितीला?’ विचारायला शिकवतं. चारही ठिकाणी लिपी तीच, अक्षरं तीच चोवीस (जुन्या ग्रीकच्या छापील पुस्तकांत वर स्वरांच्या खुणा जास्त, इतकंच), पण एक शिकून दुसरी आपोआप येत नाही.

हे असं होण्याचं कारण या शाखेच्या घडणीत आहे. लॅटिनच्या पोटी इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच अशी पिलावळ झाली. ग्रीक मात्र इंडो-युरोपीय कुलात एकटीच शाखा राहिली. प्राचीन काळी आयोनिक, एओलिक, डोरिक, आर्केडियन अशा बोली होत्या, पण अलेक्झांडरनंतर पसरलेल्या सामायिक बोलीनं, म्हणजे कोइनेनं, त्या जवळजवळ सगळ्या गिळल्या. त्यामुळे साधारण ३,४०० वर्षांची लेखी परंपरा असलेली एकच भाषा आपल्यासमोर उभी राहते, आणि तिच्यात कुठल्या शतकात उडी मारायची एवढाच प्रश्न उरतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या भाषेत काळाच्या ओघाबरोबर खाली उतरणं सोपं, उलट दिशेनं चढणं कष्टाचं. ॲटिक आलेला माणूस कोइने थोड्या सरावानं वाचतो. कोइनेवर थांबलेला माणूस प्लेटोसमोर अडखळतो. म्हणून ज्याचं संस्कृत बरं आहे त्यानं ॲटिकपासून सुरुवात करावी. ज्यानं वैदिक व्याकरण खरंच अभ्यासलंय त्यानं थेट होमर घेतला तरी चालेल. आजची ग्रीक हा वेगळाच हिशोब आहे, त्याकडे पुढे येतो.

| | होमर | ॲटिक | कोइने | आजची |
|---|---|---|---|---|
| काळ | इ.स.पू. ८वं–७वं शतक | इ.स.पू. ५वं–४थं शतक | इ.स.पू. ३रं शतक ते प्राचीन काळाची अखेर | आज |
| द्विवचन | आहे | आहे, पण ओसरतंय | नाही | नाही |
| चतुर्थी | आहे | आहे | आहे, पण ढिली | ठरावीक वाक्प्रचारांपुरती |
| विधिलिङ्-सारखं रूप (‘करावं’) | भरपूर | भरपूर | क्वचित | नाही |
| तुमन्त (‘करायला’सारखं रूप) | आहे, अनेक प्रत्ययांनी | आहे | आहे | नाही |
| भूतकाळाचा ‘अ’ (ग्रीकमध्ये ‘ए’) | ऐच्छिक | सक्तीचा | सक्तीचा | आघात असेल तिथंच |
| अवघड काय | शब्दसंग्रह | क्रियापद, वाक्यरचना | फारसं काही नाही | ऐकणं आणि शुद्धलेखन |

ॲटिक: सर्वांत महाग, सर्वांत वसूल

ॲटिक म्हणजे अथेन्सची बोली. प्लेटो, थ्युसिडिडीज, सोफोक्लीज, ॲरिस्टोफेनीज, डिमॉस्थेनीज हे सगळे हिच्यातले. कोश, व्याकरणं, शब्दशः टिपा असलेल्या आवृत्त्या, सगळा सरंजाम या बोलीभोवती उभा आहे. एकट्यानं घरी बसून शिकणाऱ्याला ही गोष्ट फार मोलाची.

संस्कृतवाल्याला इथं घरी आल्यासारखं का वाटतं, ते एका धातूवर बघा. भृ (वाहून नेणं) धातूचा ग्रीक सोयरा म्हणजे ‘फेर’. भरामि, भरसि, भरति यांच्या जागी फेरो, फेरेइस, फेरेइ. अनेकवचनात फेरोमेन, फेरेते, फेरूसि. शेवटचं रूप जरा अनोळखी वाटतं ना? डोरिक बोलीत तेच रूप ‘फेरोन्ति’ आहे. शेजारी ‘भरन्ति’ ठेवा, आणखी काही सांगावं लागत नाही. आत्मनेपदही आहे: भरते म्हणजे फेरेताइ, भरमाणः म्हणजे फेरोमेनोस. भूतकाळात अभरत् – एफेरे. विध्यर्थात भरेत् – फेरोइ. लुङ्-मध्ये, म्हणजे संस्कृतच्या आणखी एका भूतकाळात, अदिक्षम् – एदेइक्सा. शाळेत आपण लुङ् ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सोडून दिलेला असतो. ॲटिकमध्ये ती सवलत नाही, कारण गोष्ट सांगण्याचा नेहमीचा भूतकाळ हाच आहे.

विभक्त्या मात्र कमी. संबोधन धरून पाचच. तृतीया आणि सप्तमीचं काम चतुर्थीनं उचललं, पंचमीचं षष्ठीनं. ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्याला नामं आठवड्या-दोन आठवड्यांत आवाक्यात येतात. खरा डोंगर क्रियापदाचा आहे आणि तो चुकवता येत नाही.

आणखी एक लाभ असा की ग्रीक शिकताना संस्कृत नव्यानं कळतं. मूळ भाषेतले ए, अ, ओ हे तीन वेगळे स्वर संस्कृतनं एका ‘अ’मध्ये मिसळून टाकले; ग्रीकनं ते वेगळे जपले. भरन्ति मधले पहिले दोन ‘अ’ मुळात एक नव्हेत, हे फेरोन्ति बघताच दिसतं: एक ‘ए’, दुसरा ‘ओ’. आता कृ धातूचा लिट् (परोक्ष भूतकाळ) आठवा. ‘ककार’ न होता ‘चकार’ का होतं? पाणिनी नियम सांगतो, कारण सांगत नाही. ग्रीकमध्ये लिट्-ची द्विरुक्ती ‘ए’ या स्वरानं होते. रिच् चा रिरेच, तसं तिकडे ‘लेलोइपा’. संस्कृतच्या पूर्वावस्थेतही तिथं ‘ए’ होता, त्या तालव्य स्वरानं आधीच्या ‘क’चा ‘च’ केला, आणि मग तो स्वर ‘अ’त विरघळला. खूण राहिली, खूण करणारा गेला. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांना हे १८७०च्या दशकात उमगलं, आणि त्याआधी संस्कृतचे स्वरच सर्वांत जुने मानायची जी पद्धत होती ती त्यानंतर मोडली.

‘दधामि’ आणि ‘तिथेमि’चंही तसंच. ‘धधामि’ का नाही? लागोपाठच्या अक्षरांत दोन महाप्राण नकोत, पहिल्याचा महाप्राण जातो, असा नियम दोन्ही भाषांनी आपापला स्वतंत्रपणे केला. तो १८६३ मध्ये मांडणारा हेर्मान ग्रासमान पेशानं गणिताचा शिक्षक होता, आणि त्यानं पुढे ऋग्वेदाचा कोशही केला. असल्या गोष्टींत रस नसेल तर ॲटिकचा खटाटोप निम्म्यानं कमी आनंद देईल, हेही खरंच.

होमर: वैदिक येणाऱ्यांसाठी

शिकवण्याची रूढ वाट ‘आधी ॲटिक, मग होमर’ अशी आहे. पण थेट होमरपासून सुरुवात करणारी पाठ्यपुस्तकंही शंभर वर्षांपासून आहेत, आणि आपल्यासाठी तो वेडेपणा नाही.

होमरची भाषा कुणाच्या घरात बोलली गेलेली नाही. पाया आयोनिक, त्यात एओलिकची सरमिसळ, वृत्तासाठी राखलेली जुनी रूपं. वैदिक वाचलेल्याला ओळखीच्या खुणा पदोपदी भेटतात. भूतकाळाचा ‘ए’ हवा तर लावा, नको तर नको; वेदात ‘अ’शिवाय भूतकाळाची रूपं येतात तसंच. उपसर्ग क्रियापदाला चिकटलेला नसून चार शब्द आधी सुटा येऊन बसतो. अभिजात संस्कृतनं टाकून दिलेला लेट् लकार (इच्छा-संभावना सांगणारं रूप) इथं रोजच्या वापरात. तृतीयेच्या ‘-भिः’चा भाऊ ‘-फि’ अजून तग धरून. इलियडचा नायक ॲकिलीज आपल्या निवडीबद्दल बोलताना ‘क्लेओस आफ्थितोन’ म्हणतो, अक्षय कीर्ती. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’ हीच जोडी आहे, शब्दानं शब्द तीच. आडाल्बेर्ट कून यानं १८५३ मध्ये हे साम्य दाखवलं, तेव्हापासून इंडो-युरोपीय काव्यभाषेचा अभ्यास या जोडीपासून सुरू होतो.

आणि वृत्त! युरोपी भाषकाला हेक्सामीटर, म्हणजे होमरचं वृत्त, शिकताना लघु-गुरू म्हणजे काय हे मुळापासून समजून घ्यावं लागतं. आपल्याला ‘यमाताराजभानसलगं’ पुरतं. सहा गण, प्रत्येक भ-गण (गुरू-लघु-लघु) किंवा त्याजागी दोन गुरू. पाचवा बहुधा भ-गण. सहाव्यात दोनच अक्षरं. जोडाक्षरापूर्वीचा लघु गुरू होतो हा नियमही तोच. इलियडची सुरुवात म्हणून बघा: ‘मेनिन् अएइदे थेआ’. तोडा: मे-नि-न | एइ-दे-थे | आ... पहिले दोन गण चोख भ-गण. मोठ्यानं म्हणत गेलं की पन्नासेक ओळींत चाल जिभेवर बसते.

मग अडचण कुठे? शब्दांत. इलियड साडेपंधरा हजारांहून अधिक ओळींचं, ओडिसी बारा हजारांहून अधिक. साचेबंद ओळी पुन्हापुन्हा येतात हा दिलासा, पण एकदाच येऊन गायब होणारे शब्दही ढिगानं. एकाच तुमन्ताचे तीन-चार प्रत्यय, एकाच षष्ठीची दोन-तीन रूपं. नियमाला धरून चालणाऱ्या विद्यार्थ्याला याचा वैताग येतो. शिवाय होमर वाचून तत्त्वज्ञानाकडे वळायचं तर ॲटिकचं गद्य पुन्हा शिकावंच लागतं. ज्याला काव्य हवंय त्यानं इथं यावं. ज्याला वादविवाद हवेत त्यानं येऊ नये.

कोइने: सोपी आहे, आणि कोकण किनाऱ्याचं वर्णनही हिच्यातच आहे

आपल्याकडे प्रत्यक्ष समोर बसून ग्रीक शिकवणारा शोधायला निघालात, तर वाट बहुधा एखाद्या ख्रिस्ती धर्मविद्यालयाकडे जाईल, आणि तिथं शिकवतात ती कोइने. नवा करार या भाषेत आहे. त्याची वेगवेगळ्या शब्दांची संख्या साडेपाच हजारांच्या आत, वाक्यं आटोपशीर. द्विवचन गेलेलं, विधिलिङ्-सारखी रूपं मोजकी. पुस्तकं स्वस्त, मोफत साधनं अमाप.

पण कोइने म्हणजे फक्त नवा करार, हा समज सोडायला हवा. मार्कस ऑरेलियस आणि एपिक्टेटस हे तत्त्वज्ञ कोइनेत आहेत. कंदाहारला १९५८ मध्ये सापडलेला अशोकाचा ग्रीक-अरामी द्वैभाषिक लेख कोइनेत आहे. आणि मराठी वाचकाला सर्वांत जवळचा मजकूरही कोइनेत आहे: पहिल्या शतकात इजिप्तच्या बाजूच्या कुणा अनाम व्यापाऱ्यानं लिहिलेला ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’, म्हणजे हिंदी महासागरातल्या बंदरांची वाटाडी. हा दरबारी साहित्यिक नव्हे. कुठल्या बंदरात काय खपतं, वारा कधी पकडायचा, भरती कुठे घात करते, असा रोखठोक माणूस. भडोचपासून दक्षिणेकडच्या भूमीला तो ‘दाखिनाबादेस’ म्हणतो, आणि स्थानिक भाषेत दक्षिणेला ‘दाखानोस’ म्हणतात अशी टीपही जोडतो. पैठण भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पुढे सोपारा, कल्याण, चौल. कल्याणबद्दल तो सांगतो की थोरल्या सारागानोस नावाच्या राजाच्या काळात ते कायदेशीर व्यापारपेठ होतं, पण सांदानेस या दुसऱ्या सत्ताधीशाच्या ताब्यात आल्यापासून तिथं चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहारा देऊन भडोचला नेली जातात. सातवाहन-क्षत्रप झगड्याची ही झळ एका नाविकाच्या वहीत, दोन वाक्यांत. भडोचच्या बाजारात मिनँडर या ग्रीक राजाची जुनी द्राख्म नाणी अजून चालतात, हेही त्यानंच नोंदवलंय.

हा मजकूर वाचणं हे ध्येय असेल तर ॲटिकची दोन वर्षं घालवायची गरज नाही, कोइनेचा एक चांगला अभ्यासक्रम बस्स. भाषा साधी आहे. अडवतात ती मालाची नावं, ती कोशात बघायची.

नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या साठ्यातली नहपान या क्षत्रप राजाची चांदीची नाणी बघायची असतील तर त्याहून कमी लागतं. नाण्याच्या एका बाजूला कडेनं ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा प्राकृत. चोवीस अक्षरं येत असली की नहपानाचं नाव तुम्हाला लावता येतं. पुष्कळ नाण्यांवर गौतमीपुत्र या सातवाहन राजाचा ठसा वरून मारलेला असल्यामुळे अर्धी अक्षरं गेलेली असतात, एवढीच कटकट.

कोइनेविरुद्ध माझी तक्रार एकच. भाषाकुलाच्या अभ्यासासाठी ती तोकडी पडते. ज्या गोष्टींसाठी संस्कृतवाला ग्रीककडे येतो त्या इथं झिजलेल्या असतात.

आजची ग्रीक: भाषा सोपी, इतिहास तापट

साधारण एक कोटी तीस लाख लोक ती बोलतात. ग्रीस आणि सायप्रसची राजभाषा, युरोपीय संघाची अधिकृत भाषा. नोकरी, शिक्षण, लग्न, प्रवास किंवा काव्हाफी आणि सेफेरिस हे कवी मुळातून वाचायची इच्छा, यांपैकी काही असेल तर सरळ हीच शिका. ‘आधी प्राचीन पक्की करू, मग आधुनिक’ हा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. अभिजात संस्कृत शिकून झाल्याशिवाय मराठी बोलू नये, असं आपण कुणाला सांगत नाही.

चतुर्थी गेली, द्विवचन गेलं, तुमन्त गेला. ‘मला लिहायचंय’ म्हणायला ‘थेलो ना ग्राप्सो’, म्हणजे शब्दशः ‘मी इच्छितो की मी लिहावं’. याच ‘थेलो ना’ची झीज होऊन भविष्यकाळाचा ‘था’ तयार झाला. राहिलं काय? तीन लिंगं, चार विभक्त्या, आणि क्रिया पुरी झाली की चालू आहे हा भेद, जो प्रत्येक क्रियापदाला दोन अंगांनी पाठ करायला लावतो. भूतकाळाचा तो प्राचीन ‘ए’सुद्धा अजून जिवंत आहे, मात्र आघात त्याच्यावर असेल तरच: एफ़ेरा म्हणजे मी आणलं, पण फ़ेरामे म्हणजे आम्ही आणलं.

शुद्धलेखन हा खरा त्रास. ‘इ’ हा एकच उच्चार लिहायच्या सहा तऱ्हा. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीवर शाळेत लाल शाई खाल्लेल्यांना सहानुभूती वाटेल. आणि हे लेखन असं का टिकलं, याला राजकारण आहे. शिकलेल्यांची ‘काथारेव्हुसा’ म्हणजे शुद्धीकृत भाषा, आणि लोकांची ‘दिमोतिकी’, असा उभा भेद तिथं दीडेक शतक चालला. १९०१ मध्ये शुभवर्तमानाचा लोकभाषेतला अनुवाद एका वृत्तपत्रात येऊ लागला तेव्हा अथेन्सच्या रस्त्यांवर दंगल झाली, आठ माणसं मेली आणि सरकार पडलं. लोकभाषेला अधिकृत दर्जा मिळाला तो १९७६ मध्ये, लष्करी राजवट गेल्यानंतर. १९८२ मध्ये स्वरांच्या तीन खुणांऐवजी एकच ठेवली. त्यामुळे १९७०च्या आधीचे कायदे, सरकारी कागद किंवा जुनी वृत्तपत्रं वाचायची असतील तर नुसती आजची ग्रीक अपुरी पडते, हे संशोधनासाठी शिकणाऱ्यानं आधीच ध्यानात घ्यावं.

उच्चार कुठला धरायचा?

यावर इंग्रजी पुस्तकं फार घोळ घालतात. तीन पद्धती आहेत: इरास्मस या जुन्या युरोपी पंडिताच्या नावानं चालणारी, पुनर्रचित प्राचीन, आणि आजची. आपल्यासाठी निर्णय सोपा आहे. प्राचीन ग्रीकमध्ये फी, थीटा, खी ही अक्षरं म्हणजे आपले फ, थ, ख होते. ‘फळ’ मधला फ, ‘फ्रिज’ मधला नव्हे. इंग्रजी भाषकाला हा भेद कष्टानं साधतो, म्हणून त्याची पुस्तकं तडजोड करतात. ती तडजोड आपण का उचलायची? ॲटिक किंवा होमर घेणार असाल तर पुनर्रचित उच्चार धरा. त, द दंत्यच, अल्पप्राण-महाप्राण वेगळे, ऱ्हस्व-दीर्घ पाळा, कारण वृत्त त्यावर उभं आहे.

आजच्या ग्रीकमध्ये हे सगळं बदललंय. ‘बीटा’ची ‘विता’ झाली, ‘ब’ लिहायला ‘म’ आणि ‘प’ एकत्र लिहितात. संस्कृत सप्त, प्राचीन हेप्ता, आजचं एफ़्ता. कोइने घेणाऱ्यानं आजचा उच्चार वापरला तरी फार बिघडत नाही. त्या काळातच स्वर त्या दिशेनं सरकू लागले होते.

जे आत्ता घेऊ नये

मायसीनीची, म्हणजे होमरपूर्व ग्रीसची, लिनियर-बी लिपी मोहात पाडते. मायकेल व्हेंट्रिस हा वास्तुविशारद, त्यानं १९५२ मध्ये ती ग्रीक असल्याचं दाखवलं आणि ग्रीकचा लेखी इतिहास होमरच्या मागे पाच-सहाशे वर्षं गेला. पण त्या मातीच्या पाट्या म्हणजे राजवाड्याचे हिशोब: मेंढ्या, तेल, रथाची चाकं. भाषा आधी येत नसेल तर त्यातून ती शिकता येत नाही. बोलींचंही तेच. पेलोपोनीजमधली त्साकोनियन, जी डोरिकची वंशज. दक्षिण इटलीतली ग्रिको. तुर्कस्तानात त्राब्झोनच्या डोंगरात बोलली जाणारी रोमेइका, जिच्यात तुमन्त अजून टिकून आहे. वाचायला सुंदर विषय, पण शिकायला साधनं तुटपुंजी.

वेळेचा हिशोब

अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजी भाषक कर्मचाऱ्यांसाठी आजच्या ग्रीकला साधारण १,१०० तास धरतं, आणि हिंदीलाही त्याच वर्गात बसवतं. आपलं गणित थोडं हलकं पडेल, कारण लिंग-विभक्तीची सवय असते. परीक्षा द्यायची तर थेस्सालोनिकीचं ग्रीक भाषा केंद्र पातळीवार प्रमाणपत्र देतं.

ॲटिकसाठी रोज तासभर धरून वर्षभरानं झेनोफोनचं इतिहासाचं गद्य कोशासह रेटता यावा, दुसऱ्या वर्षी प्लेटोचे छोटे संवाद. लिडेल-स्कॉटचा मधला कोश घ्या, मोठा नको. टफ्ट्स विद्यापीठाचं पर्सियस ग्रंथालय मोफत आहे आणि शब्दावर टिचकी मारली की रूप फोडून दाखवतं. ही सोय पहिले सहा महिने वापरू नका. रूप स्वतः फोडता आलं नाही तर ॲटिक शिकण्यात अर्थ नाही. मग कोइनेच घ्या, आणि पेरिप्लसच्या त्या कल्याणच्या परिच्छेदापासून सुरुवात करा.